६७ की ७३? हबल स्थिरांकाच्या तिढ्याचा प्रकरण अभ्यास

विश्व आज किती वेगाने प्रसरण पावते आहे, या एका प्रश्नाला सध्या दोन उत्तरे आहेत. युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून २०१८ मध्ये निघालेले उत्तर ६७.४ असून त्यात ०.५ इतकी अनिश्चितता आहे. अ‍ॅडम रीस यांच्या ‘शूज’ गटाने तारे आणि सुपरनोव्हा यांच्या आधारे २०२२ मध्ये दिलेले उत्तर ७३.०४, अनिश्चितता १.०४. दोन्हींचे एकक किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक. म्हणजे आपल्यापासून ३२.६ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका केवळ प्रसरणामुळे सेकंदाला ६७ किंवा ७३ किलोमीटर वेगाने दूर जाते, दुप्पट अंतरावरची दुप्पट वेगाने. या प्रमाणालाच हबल स्थिरांक म्हणतात.

फरक ५.६४ चा. दोन्ही अनिश्चितता नियमाप्रमाणे एकत्र केल्या, म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, तर १.१५ मिळतात. फरक त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. निव्वळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची शक्यता दहा लाखांत एखादीच. तेव्हा कुठेतरी चूक आहे किंवा कुठेतरी नवे भौतिकशास्त्र आहे, आणि हे ‘कुठेतरी’ नेमके कुठे, हा या प्रकरणाचा विषय.

या वादावर पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातले बरेचसे लेखन संशयितांची यादी देऊन थांबते. ‘धूळ असू शकेल, उपकरणाचा दोष असू शकेल, कृष्ण ऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा) बदलत असेल’ असे म्हणणे सोपे आहे. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: दोष तिथे असेल, तर तो केवढा असायला हवा? इथे प्रत्येक संशयिताला हाच प्रश्न विचारला आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते असे माझे मत आहे. हबल स्थिरांकाचा तिढा आणि ‘कृष्ण ऊर्जा बदलते आहे’ ही अलीकडची बातमी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. त्यांचे पुरावे वेगळ्या ताकदीचे आहेत आणि एकाने दुसरे सुटत नाही.

तफावत कशी उघडी पडली

प्लँकचे पहिले निष्कर्ष २०१३ साली आले, तेव्हा हबल स्थिरांक ६७.३ आणि अनिश्चितता १.२ होती. रीस यांच्या गटाचा २०११ चा आकडा होता ७३.८, अनिश्चितता २.४. वरचेच गणित केले तर फरक अनिश्चिततेच्या २.४ पट भरतो. असे फरक विज्ञानात नेहमी दिसतात आणि बहुधा विरून जातात. हा विरला नाही. २०१६ मध्ये रीस गटाचा आकडा ७३.२४, २०१९ मध्ये ७४.०३, २०२२ मध्ये ७३.०४, अनिश्चितता मात्र १.७४, १.४२, १.०४ अशी उतरत गेली. समोरच्या बाजूला प्लँकचा आकडा ६७.३ वरून ६७.४ वर गेला आणि अनिश्चितता निम्म्याहून कमी झाली. फरक योगायोगाचा असता तर मोजमाप सुधारताना आकडे एकमेकांकडे सरकायला हवे होते. ते जागचे हलले नाहीत.

हबल स्थिरांकावर भांडण होण्याची ही पहिली वेळ नाही. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये काढलेले मूल्य ५०० च्या आसपास होते. त्यावरून विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे येत असे, पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की अंतरे मोजायला वापरलेले सेफीड तारे, म्हणजे ठराविक कालाने तेज कमीजास्त होणारे तारे, दोन जातींचे आहेत. त्या एका दुरुस्तीने विश्व दुप्पट मोठे झाले. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत अ‍ॅलन सँडेज आणि गुस्ताव टामान ५० ते ५५ वर ठाम होते, तर जेरार द व्होकुलर १०० वर. २००१ मध्ये वेंडी फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखाली हबल दुर्बिणीच्या प्रकल्पाने ७२, अनिश्चितता ८, हे उत्तर दिले आणि तो वाद मिटला.

त्या भांडणांत आणि आजच्यात एक मूलभूत फरक आहे. तेव्हा दोन्ही पक्ष एकाच प्रकारच्या वाटेने चालत होते. तारे, दीर्घिका आणि त्यांची अंतरे यांच्या वाचनावर मतभेद होते. आज दोन्ही पक्षांमध्ये एकही वस्तू, एकही उपकरण, एकही गृहीतक सामायिक नाही म्हटले तरी चालेल. म्हणून ‘पूर्वीही असे झाले होते, यथावकाश मिटेल’ हा दिलासा मला पुरेसा वाटत नाही.

दोन वाटा

पहिली वाट अंतरांच्या शिडीची. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये छोट्या मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी तारे तपासून दाखवले, की सेफीड ताऱ्याचा आवर्तकाल जितका मोठा तितका तो मूळचा अधिक तेजस्वी. आवर्तकाल घड्याळाने मोजता येतो, त्यावरून खरे तेज कळते आणि दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर मिळते. फक्त या नात्याचा शून्यबिंदू आधी ठरवावा लागतो. त्यासाठी तीन आधार आहेत. आपल्याच दीर्घिकेतल्या सेफीडांची अंतरे गाया उपग्रहाने पराशय पद्धतीने, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेमुळे दिसणाऱ्या ताऱ्याच्या सूक्ष्म सरकण्यावरून मोजली आहेत. मोठ्या मॅगेलनी मेघाचे अंतर एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांवरून एक टक्क्याच्या अचूकतेने ठाऊक आहे. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या बाष्पातून मेसर प्रारण, म्हणजे लेसरसारखे तीव्र सूक्ष्मतरंग, येते, आणि त्या फिरण्याच्या भूमितीवरून तिचे अंतर ७५.८ लाख पार्सेक येते, दीड टक्क्याच्या अनिश्चिततेसह.

हे झाले शिडीचे पहिले पाऊल. दुसऱ्या पावलात ज्या दीर्घिकांत सेफीडही दिसतात आणि टाइप वन-ए सुपरनोव्हाही फुटलेला आहे अशा दीर्घिका घेतात. श्वेतबटू ताऱ्यांच्या या स्फोटांचे तेज प्रमाणित करता येते. २०२२ च्या कामात ३७ दीर्घिका आणि ४२ सुपरनोव्हा होते. तिसऱ्या पावलात दूरचे २७७ सुपरनोव्हा, जिथे दीर्घिकांच्या स्थानिक हालचाली नगण्य ठरून शुद्ध प्रसरण मोजता येते. तिथली ताम्रसृती (दूर जाण्यामुळे प्रकाशाचे लाल बाजूला सरकणे) आणि अंतर यांच्यावरून ७३.

दुसरी वाट उलट्या टोकाकडून येते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके थंड झाले की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडले जाऊन अणू बनले आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश आज सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण म्हणून सर्व दिशांनी येतो. त्याआधी त्या तप्त द्रायूत ध्वनिलहरी धावत होत्या. प्रकाश सुटेपर्यंत त्या जितके अंतर कापू शकल्या, तेवढी एक लांबी आकाशात कोरली गेली. आजच्या मापात ताणून ती सुमारे १४७ मेगापार्सेक, म्हणजे ४८ कोटी प्रकाशवर्षे भरते. या पट्टीने आकाशात व्यापलेला कोन सुमारे ०.६ अंश आहे आणि प्लँकने तो दहा हजारांत तीन भाग इतक्या अचूकतेने मोजला. पट्टीची लांबी आणि कोन माहीत असला की पट्टीचे अंतर मिळते, आणि अंतरावरून प्रसरणाचा वेग.

इथे एक गोष्ट अधोरेखित करायला हवी. कोन मोजलेला आहे. पट्टीची लांबी मात्र गणिताने काढलेली आहे. साधे द्रव्य किती, कृष्ण द्रव्य किती, प्रारण किती, यांची मूल्ये पार्श्वप्रारणाच्या ठिपक्यांवरूनच मिळतात आणि प्रचलित प्रतिमानात घातली की १४७ येतात. मग प्रतिमान पुढे चालवून, सुमारे ३१ टक्के द्रव्य आणि ६९ टक्के कृष्ण ऊर्जा धरून, आज प्रसरणाचा वेग किती असेल ते सांगितले जाते. म्हणजे ६७.४ हे १३.८ अब्ज वर्षे पुढचे भाकीत आहे. शिडीचे ७३ हे आजचे, जवळचे निरीक्षण आहे. दोन्ही बरोबर असतील तर मधल्या प्रतिमानात खोट आहे.

शिडीवर संशय

आता पहिला संशयित. शिडी चुकली असेल तर ती केवढी चुकली असेल? ७३.०४ आणि ६७.४ यांचे गुणोत्तर १.०८. अंतरे आठ टक्के कमी मोजली गेली असतील तरच दोन्ही आकडे जुळतील. तेज अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणून तेजात ही चूक १७ टक्क्यांची. खगोलशास्त्रज्ञांच्या भाषेत ०.१७ प्रत (प्रत हे ताऱ्यांचे तेज मोजण्याचे माप). हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढचा सगळा निवाडा त्यावर आहे.

पहिल्या पावलात एवढी चूक लपणे अवघड. तीन आधार तीन वेगळ्या पद्धतींचे आहेत. पराशय, ग्रहणी जोडतारे आणि मेसर यांच्यात समान असे काही नाही, आणि त्यांपैकी कोणताही एकच आधार धरून शिडी उभी केली तरी उत्तर ७२ ते ७४ च्या पट्ट्यातच येते. तिन्ही एकाच दिशेने, एकाच प्रमाणात चुकले असे मानावे लागेल. ताऱ्यांमधील धूळ आणि जड मूलद्रव्यांचे प्रमाण यांचा परिणामही बराच तपासला गेला आहे, तिथे ०.१७ प्रत सापडत नाही.

खरा गंभीर संशय दुसऱ्या पावलावर होता, आणि तो रास्त होता. दूरच्या दीर्घिकेत सेफीड एकटा नसतो. त्याच्या शेजारचे तारे हबल दुर्बिणीला, विशेषतः अवरक्त प्रकाशात, वेगळे दिसत नाहीत. त्यांचा प्रकाश सेफीडच्या प्रकाशात मिसळतो, तो वाजवीपेक्षा तेजस्वी भासतो, म्हणून जवळचा वाटतो आणि हबल स्थिरांक फुगतो. दिशा अगदी हवी तीच. शिवाय दीर्घिका जितकी दूर तितकी गर्दी अधिक, त्यामुळे जवळच्या आधार-दीर्घिकांत ही चूक कमी आणि सुपरनोव्हांच्या दीर्घिकांत जास्त, म्हणजे ती आपोआप कटून जाणारही नाही. शूज गट गर्दीची दुरुस्ती करत होता, पण दुरुस्ती म्हणजे अंदाजच.

जेम्स वेब दुर्बिणीने या संशयाची थेट परीक्षा घेतली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, हबलचा २.४ मीटरचा, अवरक्त प्रकाशात ती शेजारचे तारे सुटे करू शकते. २०२३ मध्ये एनजीसी ४२५८ आणि एनजीसी ५५८४ या दोन दीर्घिकांतले तीनशेहून अधिक सेफीड वेबने पुन्हा मोजले. मोजमापांतला विखुरलेपणा अडीच पटींहून कमी झाला, म्हणजे गर्दीचा गोंधळ खरोखर होता. सरासरी मात्र हलली नाही. २०२४ मध्ये पाच सुपरनोव्हा-दीर्घिकांतल्या हजाराहून अधिक सेफीडांपर्यंत ही तपासणी पोचली. त्यातली सर्वांत दूरची एनजीसी ५४६८, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. हबल आणि वेब यांच्या मोजमापांतला सरासरी फरक सुमारे ०.०१ प्रत निघाला, अनिश्चितता ०.०३. हवे होते ०.१७.

माझ्या लेखी या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत निर्णायक क्षण आहे. एखाद्या संशयावर पंचवीस लेख लिहिण्यापेक्षा त्याची अशी एक कसोटी जास्त मोलाची. गर्दीचा मुद्दा निकालात निघाला. तरीही काही लिखाणात तो अजून डोके वर काढतो, आणि ते मला खटकते.

दुसऱ्या पावलावर आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो वेंडी फ्रीडमन यांच्या गटाकडून आलेला असल्याने वजनदार आहे. ज्यांनी २००१ मध्ये ७२ हे मूल्य प्रस्थापित केले त्यांनीच नंतर सेफीडांना पर्याय शोधला. लाल राक्षसी तारे वाढत वाढत एका ठराविक तेजाला पोचले की त्यांच्या गाभ्यात हेलियम पेट घेतो आणि ते अचानक मंद होतात. हे टोकाचे तेज सगळीकडे जवळपास सारखेच असते. ते दीर्घिकेच्या विरळ बाह्य भागात मोजता येते, तिथे गर्दीही नाही आणि धूळही थोडी. २०१९ मध्ये या पद्धतीने ६९.८ आले, दोन्ही पक्षांच्या बरोबर मधोमध.

२०२४ मध्ये याच गटाने वेबच्या साह्याने दहा दीर्घिका घेतल्या आणि प्रत्येकीत तीन प्रकारचे तारे वापरले. विश्लेषण संपेपर्यंत खरे आकडे स्वतःपासूनही झाकून ठेवले होते, जेणेकरून अपेक्षित उत्तराकडे मन ओढले जाऊ नये. झाकण काढल्यावर लाल राक्षसी ताऱ्यांवरून सुमारे ७०, कार्बन ताऱ्यांवरून ६८, सेफीडांवरून ७२. बातम्या आल्या की तिढा सुटला.

रीस यांच्या गटाचे उत्तर मला पटण्यासारखे वाटते. त्यांनी एकेका दीर्घिकेची अंतरे समोरासमोर ठेवली, तर दोन्ही गटांची अंतरे चांगली जुळत होती. फरक अंतरांत नव्हताच. दहा दीर्घिकांत फुटलेले अकरा सुपरनोव्हा हा ४२ च्या संचाचा छोटा तुकडा होता आणि योगायोगाने तो तुकडा कमी उत्तर देणारा होता. वेबने मोजलेल्या सगळ्या दीर्घिका एकत्र घेतल्यावर उत्तर ७२.६ आले. पुढे २०२५ मध्ये फ्रीडमन गटाने हबल आणि वेब दोन्हींची मोजमापे जोडून सुपरनोव्हांची संख्या २४ वर नेली, उत्तर ७०.४, एकूण अनिश्चितता सुमारे १.९.

या ७०.४ कडे नीट पाहायला हवे. ते प्लँकपासून दीड सिग्मावर, म्हणजे एकत्रित अनिश्चिततेच्या दीडपट अंतरावर, आहे आणि शूजपासून सव्वा सिग्माच्या आत. म्हणजे ते दोघांशीही जुळते. एवढ्या रुंद अनिश्चिततेच्या मोजमापाने कुणालाही निर्दोष ठरवता येत नाही. ‘फ्रीडमन यांनी तिढा सोडवला’ आणि ‘फ्रीडमन चुकल्या’ ही दोन्ही वाक्ये घाईची आहेत.

शिडीशिवायच्या वाटा आणखी आहेत, पण त्यांची धार अजून बोथट आहे. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने प्रकाश वाकून, म्हणजे गुरुत्वीय भिंगामुळे, एकाच क्वासारची (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्राची) अनेक प्रतिबिंबे दिसतात आणि त्यांच्यातल्या कालविलंबावरून हबल स्थिरांक मिळतो. सहा भिंगांवरून ७३.३ आले होते, अनिश्चितता पावणेदोनच्या घरात. २०२० मध्ये भिंग-दीर्घिकेतल्या वस्तुमानाच्या वाटणीबद्दलचे गृहीतक सैल करताच अनिश्चितता अनेक पट वाढली, आणि इतर भिंगांची माहिती जोडल्यावर उत्तर ६७.४ वर आले. आपल्याच गृहीतकाला असे उघड्यावर आणणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला मोठा आदर वाटतो. सुपरनोव्हांना बाजूला ठेवून थेट मेसर-दीर्घिकांवरून काढलेले मूल्य ७३.९, अनिश्चितता ३. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी आल्या, त्यावरून ७०. पण अनिश्चितता वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८.

आपण एका विरळ पोकळीत राहत असू आणि त्यामुळे आसपासचे प्रसरण जास्त वाटत असेल, ही कल्पनाही मांडली जाते. आठ टक्के फरकासाठी ती पोकळी फार खोल आणि फार मोठी असावी लागेल. तिच्या काठावर सुपरनोव्हांच्या आलेखात पायरी दिसायला हवी होती. ती दिसत नाही.

मग पार्श्वप्रारण?

प्लँकचे उपकरण चुकले असेल, ही शक्यता जवळजवळ संपली आहे. चिलीतील अटाकामा दुर्बीण आणि दक्षिण ध्रुवावरची दुर्बीण यांनी तेच आकाश वेगळ्या उपकरणांनी पाहिले आणि त्यांची उत्तरे ६७ ते ६८ च्या आसपास आली. त्याहून बोलका पुरावा असा की पार्श्वप्रारणाच्या ठिपक्यांना हात न लावताही हेच उत्तर मिळते. तीच १४७ मेगापार्सेकची पट्टी दीर्घिकांच्या मांडणीतही उमटलेली आहे. अ‍ॅरिझोनातील किट पीक येथे चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलेले ‘डेसी’ हे उपकरण पाच हजार प्रकाशतंतूंनी एकाच वेळी पाच हजार दीर्घिकांचे वर्णपट घेते. त्याच्या मोजमापांना महास्फोटातील हलक्या मूलद्रव्यांच्या निर्मितीचे गणित जोडले, की २०२५ च्या निष्कर्षांनुसार ६८.५ मिळतात, अनिश्चितता ०.५८.

तेव्हा निरीक्षणे दोन्हीकडे भक्कम. उरते ते प्रतिमान, आणि ते कुठे वाकवायचे याला फारशी मोकळीक नाही.

प्रथम मनात येते ते असे, की अलीकडच्या काळात कृष्ण ऊर्जेने प्रसरण अपेक्षेपेक्षा जास्त वाढवले असेल. हे चालत नाही. प्रसरणाचा अलीकडच्या अब्जावधी वर्षांतला आलेख दोन गोष्टींनी जखडून ठेवला आहे: दूरच्या सुपरनोव्हांच्या सापेक्ष तेजाने आणि दीर्घिकांतल्या पट्टीने. या दोन्हींना आलेखाचा आकार ठाऊक आहे, त्याची उंची ठाऊक नाही. उंची ठरवायला एका टोकाला आधार लागतो. १४७ मेगापार्सेकच्या पट्टीचा आधार घेतला की ६७ ते ६८, सेफीडांचा घेतला की ७३. आलेखाला अलीकडे कितीही मुरड घातली तरी ही दोन टोके जुळत नाहीत. जुळवायची तर पट्टीच आखूड हवी, सुमारे सात टक्क्यांनी, १४७ ऐवजी १३७ च्या आसपास.

मला तिढ्याचा गाभा इथे दिसतो. एका बाजूला ०.१७ प्रत, दुसऱ्या बाजूला पट्टीचे दहा मेगापार्सेक. यातले एक चुकलेले आहे.

पट्टी आखूड करायची तर ध्वनिलहरींना धावायला कमी वेळ मिळाला पाहिजे, म्हणजे अणू बनण्याआधी विश्व थोडे अधिक वेगाने प्रसरण पावत असले पाहिजे. त्यासाठी तेव्हा एखादा जादा ऊर्जेचा घटक हवा. जादा न्यूट्रिनोसदृश कण हा साधा उमेदवार, पण प्लँकने अशा कणांची प्रभावी संख्या २.९९ मोजली आहे, अनिश्चितता ०.१७, प्रमाणित अपेक्षा ३.०४. तिथे पुरेशी जागा नाही. जास्त चर्चा झाली ती ‘प्रारंभिक कृष्ण ऊर्जा’ या कल्पनेची. तन्वी करवाल आणि मार्क कामिओन्कोव्स्की यांनी २०१६ मध्ये आणि पुढे व्हिव्हियन पूलँ यांच्यासह २०१९ मध्ये ती मांडली. विश्व काही दहा हजार वर्षांचे असताना एका क्षेत्राने एकूण ऊर्जेचा दहा टक्क्यांच्या आसपास वाटा उचलावा आणि मग झपाट्याने विरून जावे. गणित जुळते. किंमत अशी की क्षेत्र नेमक्या वेळी यायला आणि नेमक्या वेळी जायला हवे, आणि मधल्या बदलांची भरपाई म्हणून कृष्ण द्रव्य वाढवावे लागते, त्यामुळे दीर्घिका निरीक्षणांपेक्षा अधिक गुठळ्या करून बसतात. अटाकामा दुर्बिणीच्या २०२५ च्या निष्कर्षांत या क्षेत्राचा पुरावा मिळाला नाही. कल्पना सुंदर आहे, पण तिला आज निरीक्षणांचा आधार नाही.

बदलती कृष्ण ऊर्जा: शेजारचे प्रकरण

१९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे पाहिले, की दूरचे सुपरनोव्हा कमी द्रव्याच्या विश्वात जेवढे दूर असायला हवेत त्याहून १० ते १५ टक्के अधिक दूर आहेत. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हा निष्कर्ष त्यातून निघाला, सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना २०११ चे नोबेल मिळाले, आणि आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेला विश्वस्थिरांक पुन्हा सन्मानाने परतला. स्थिरांक म्हणजे काळानुसार न बदलणारी ऊर्जा.

मार्च २०२५ मध्ये डेसीने तीन वर्षांच्या नोंदींतून, १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वासार घेऊन सांगितले, की ही ऊर्जा अलीकडे कमकुवत होत असल्याचा इशारा मिळतो. फक्त पार्श्वप्रारणाशी जोडल्यास हा इशारा ३.१ सिग्मा. सुपरनोव्हांचा संच जोडल्यास तो २.८, ३.८ किंवा ४.२ सिग्मा, कोणता संच घेतला त्यानुसार.

बऱ्याच वाचकांना वाटले की आता हबलचा तिढाही सुटणार. झाले उलटे. कृष्ण ऊर्जा आज कमकुवत असेल तर आजचा प्रसरणवेगही कमी भरतो. डेसी आणि पार्श्वप्रारण यांच्या जोडीत बदलती कृष्ण ऊर्जा घातली, तर हबल स्थिरांक ६४ च्या जवळ उतरतो. सुपरनोव्हा जोडल्यावर ६६ ते ६७ च्या पट्ट्यात. ७३ पासून आणखी दूर. दोन्ही बातम्या एकाच मथळ्याखाली ‘विश्वशास्त्र संकटात’ म्हणून दिल्या जातात, तेव्हा ही गोष्ट वाचकापर्यंत पोचतच नाही.

इथेही तोच प्रश्न: चूक असेल तर केवढी हवी? विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज एफस्टाथियू यांनी दाखवले की सर्वाधिक सिग्मा देणाऱ्या संचात जवळचे आणि दूरचे सुपरनोव्हा यांच्यात ०.०४ प्रतीचा फरक असल्यास इशाऱ्यातला बराचसा जोर जातो. जवळचे सुपरनोव्हा जुन्या, अनेक दुर्बिणींच्या नोंदींतून येतात आणि दूरचे एकाच सर्वेक्षणातून. त्या सर्वेक्षणाच्या गटाने आपल्या दुरुस्त्यांचे समर्थन केले आहे आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षित करण्यासारखे नाही. पण ०.०४ प्रत म्हणजे तेजात चार टक्के. वेगवेगळ्या दुर्बिणींची मोजमापे जुळवताना एवढी चूक लपू शकते. ०.१७ लपणे कठीण. म्हणून आज मला हबलच्या तिढ्यावर अधिक विश्वास आहे आणि बदलत्या कृष्ण ऊर्जेवर कमी. सुपरनोव्हा पूर्ण वगळूनही ३.१ सिग्मा उरतात, हे मात्र खरे. ते मी नाकारत नाही. माझ्यासाठी तोच आकडा लक्ष ठेवण्याजोगा आहे. डेसीच्या पुढच्या, अधिक मोठ्या संचात तो वाढला तर माझे मत बदलेल.

आज कुठे आहोत

गायाची निरीक्षणे जानेवारी २०२५ मध्ये थांबली आणि मार्चमध्ये तो बंद करण्यात आला, पण त्याच्या नोंदींचा चौथा संच डिसेंबर २०२६ मध्ये यायचा आहे. पराशयाची अचूकता सुधारेल आणि शिडीचे पहिले पाऊल आणखी घट्ट होईल. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा दूरचे सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्याने, प्रचंड संख्येने टिपेल, त्यामुळे ०.०४ प्रतीचा प्रश्न सुटण्याची चांगली शक्यता आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी मात्र २०१७ नंतर तेवढ्या स्वच्छपणे प्रकाशासह दिसलेल्या नाहीत, आणि त्या वाटेवर घाई करता येत नाही.

सर्वांत अरुंद जागा अजून दुसऱ्या पावलावरच आहे: सेफीड आणि सुपरनोव्हा दोन्ही असलेल्या दीर्घिका. हबल दुर्बिणीच्या टप्प्यात टाइप वन-ए सुपरनोव्हा वर्षाकाठी साधारण एकच फुटतो. ४२ ही संख्या चार दशकांच्या आकाशाची कमाई आहे आणि पैसा ओतून ती वाढवता येत नाही. वाढवण्याचा एकच मार्ग म्हणजे सेफीड अधिक दूरवर पाहणे, आणि तेवढी नजर सध्या वेबकडे आहे. तिने एनजीसी ५४६८ पर्यंत मजल मारली. अंतर दीडपट वाढले तर आकारमान तिपटीहून अधिक वाढते आणि सुपरनोव्हाही त्याच प्रमाणात. दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावांतला मोठा वाटा त्या दीर्घिकांकडे जावा, असे मला मनापासून वाटते.